क्रोशाच्या पांघरुणासाठी कोणता धागा? कोल्हापुरातील दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी ऑक्टोबरअखेर मी एकाच मापाची दोन पांघरुणे क्रोशाने विणून पूर्ण केली. एक ॲक्रिलिकच्या धाग्याचे आणि दुसरे शुद्ध सुती धाग्याचे. दोन्हींची लांबी 200 सेंटिमीटर, रुंदी 150 सेंटिमीटर, सुई 5 मिलिमीटरची आणि वीणही एकच, म्हणजे साध्या खांबांच्या (क्रोशाच्या उभ्या, उंच टाक्यांच्या) ओळी. थंडी, उन्हाळा आणि आता जवळजवळ संपत आलेला पावसाळा एवढ्या काळात ही पांघरुणे घरात रोज वापरली गेली, अनेकदा धुतली गेली, त्यामुळे त्यांच्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल.

धागा घेताना पहिली अडचण शब्दाची येते. आपल्याकडे दुकानात विणकामाच्या प्रत्येक धाग्याला ‘लोकर’ म्हणण्याची पद्धत आहे आणि ‘लोकर दाखवा’ म्हटले की पुढ्यात येतो तो बहुधा ॲक्रिलिकचा गुंडा. त्यात गैर काही नाही, पण मेंढीच्या लोकरीची ऊब अपेक्षित धरून ॲक्रिलिक घेतले तर निराशा होते. गुंड्यावरची पट्टी हरवली असेल तर वीतभर धागा चिमट्यात धरून, मोरीत उभे राहून जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर नेताच ती विझते आणि बोटांनी चुरडता येईल अशी राख उरते. सूत कागदासारखे जळते. ॲक्रिलिक मात्र वितळत जळते आणि टोकाशी कडक काळा मणी तयार होतो. याच कारणाने ॲक्रिलिकचे पांघरूण अंगावर घेऊन गॅसजवळ किंवा शेकोटीजवळ कोणीही बसू नये, असे मी घरात सर्वांना बजावून ठेवले आहे.

सुती पांघरूण दिसायला फार देखणे झाले. टाके स्वच्छ उठून दिसतात, स्पर्श थंड आणि मऊ आहे, आणि मार्च-एप्रिलच्या रात्री पंख्याखाली ते अंगावर घेणे खरोखर सुखाचे होते. परंतु सुताचा तंतू ॲक्रिलिकपेक्षा जड असतो, त्यामुळे एकाच जाडीच्या धाग्याने विणूनही ॲक्रिलिकचे पांघरूण सुमारे 1.2 किलो भरले आणि सुती 1.6 किलोच्या आसपास गेले. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. ओल्या पांघरुणाची बादली जिन्यावरून गच्चीवर नेताना तो कळतो. शिवाय सुताला लवचीकपणा जवळजवळ नसतो. लोकर ताणली तरी परत जागेवर येते, सूत ताणले की तसेच राहते. पहिल्या दोन धुण्यांनंतर मी हे पांघरूण नेहमीच्या सवयीने दोरीवर उभे टाकले आणि पाण्याच्या भाराने त्याची लांबी 11 सेंटिमीटरने वाढली, रुंदी तेवढ्या प्रमाणात आवळली. तेव्हापासून ते चटईवर आडवे पसरूनच वाळवते.

खरी परीक्षा जूननंतर झाली. धाग्याची निवड करताना आपण थंडीचा विचार करतो, पण कोल्हापूरची थंडी सौम्य आहे. कडाक्याची अशी ती थोडे दिवसच असते. पाऊस आणि दमटपणा मात्र चार महिने घरात मुक्कामाला असतात. नेहमीच्या दमट हवेत सूत स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरून ठेवते, मेंढीची लोकर सुमारे 16 टक्के आणि ॲक्रिलिक जेमतेम 2 टक्के. जुलैमध्ये सुती पांघरूण धुतले तेव्हा ते पंख्याखाली चौथ्या दिवशी वाळले आणि तोवर त्याला कुबट वास लागला होता, जो पुन्हा धुऊन उन्हाची एक तिरीप मिळाल्यावरच गेला. त्याच पावसात ॲक्रिलिकचे पांघरूण मशीनमध्ये पिळून रात्री वलणीवर टाकले आणि सकाळी कोरडे मिळाले. ज्यांच्या घरी गच्ची नाही, किंवा अंथरूण ओले करणारे लहान मूल आहे, त्यांच्यासाठी हा एक मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडावा.

म्हणून ॲक्रिलिक निर्दोष ठरते असे नाही. तीन महिन्यांत पायाकडच्या भागावर गोळे आले, ते कात्रीने कापावे लागले. धाग्याला पीळ सैल असला की हे लवकर होते. गुंडा घेताना धागा बोटांत उलगडून पाहावा आणि घट्ट पिळाचा, चार पदरी निवडावा. उकाड्यात ते घामट वाटते, कारण घाम शोषून घेण्याची त्याची शक्ती नाही. कोरड्या थंडीत ते झटकले की चटचट आवाज होतो. आणि त्याला इस्त्री कधीही लावू नये. मी एका कोपऱ्यावर गरम इस्त्री फिरवली, तर तेवढ्या भागातील धागा चपटा आणि लुळा पडला, तो कायमचाच.

शुद्ध लोकरीचा अनुभव मी पांघरुणात नाही, तर भाचीच्या बाळासाठी विणलेल्या दुपट्यात घेतला. सासूबाईंकडे धनगरी घोंगडी आहे. दख्खनी मेंढीची ती भरड लोकर अंथरायला आणि पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायला उत्तम, पण अंगाला टोचते. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू त्वचेला बोचतात, म्हणून बाळासाठी मी मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक तंतूची लोकर घेतली. ऊब अप्रतिम होती आणि किंचित ओली झाली तरी टिकत होती. मात्र घाईत एकदा ते दुपटे गरम पाण्यात मशीनला लागले आणि आटून जाड नमद्यासारखे झाले. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, उष्ण पाण्यात घुसळल्यावर ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. मशीनमध्ये धुता येणारी प्रक्रिया केलेली लोकर मिळते, तीच घ्यायला हवी होती. शिवाय कसर लागण्याची भीती पावसाळाभर राहतेच, आणि किंमत तर कितीतरी पट.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ॲक्रिलिकचे गुंडे मला दोन कमी पडले. दुकानदार म्हणाले, “वहिनी, रंग तोच आहे, डोळे झाकून न्या.” दिव्याखाली तो तोच दिसला, गच्चीवर उन्हात मात्र वेगळा पट्टा उमटला. पट्टीवरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या धाग्याचा क्रमांक, निराळा होता. तेवढ्या ओळी उसवून मी जुना आणि नवा धागा दोन-दोन ओळींनी आलटून-पालटून विणला, तेव्हा फरक मिसळला. आता मी हिशोबापेक्षा दोन गुंडे जास्त, एकाच लॉटचे घेते आणि उरलेले परत घ्याल का, हे आधीच विचारून ठेवते.

मला कोणी एकच धागा सुचवायला सांगितला, तर मी निम्मे सूत आणि निम्मे ॲक्रिलिक असा मिश्र धागा सांगेन. पुढच्या पांघरुणासाठी तो आणला आहे. पंधरा सेंटिमीटरचा चौकोन आधी विणला, मोजला, धुऊन ऐन श्रावणातल्या पावसात वलणीवर टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कोरडा होता आणि लांबी दोन मिलिमीटरनेच वाढली होती. वीण या वेळी खांबांऐवजी जाळीची ठेवली आहे, म्हणजे वजन आणखी कमी होईल. पहिल्या बारा ओळी झाल्या आहेत.