किडनीसाठी कोणती तपासणी: रक्तातलं क्रिएटिनिन की लघवीतलं अल्ब्युमिन?

किडनी म्हटलं की बहुतेक जण क्रिएटिनिनचा आकडा बघतात आणि तो ‘नॉर्मल’ आला की निर्धास्त होतात. इथेच गडबड होते. क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो रक्तातून गाळून बाहेर टाकते. पण किडनीची ताकद इतकी राखीव असते की निम्मं काम थांबलं तरी आकडा मर्यादेत राहू शकतो. त्यातून कृश, वयस्कर माणसाचे स्नायूच कमी, म्हणून त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी दिसतं. त्यामुळे नुसता आकडा न बघता त्यावरून, वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते याचा अंदाज, बघावा. तो तीन महिने ६० च्या खाली राहिला, तर तो दीर्घकालीन किडनीविकार समजतात.

लघवीतलं अल्ब्युमिन वेगळंच सांगतं. गाळणी शाबूत असेल तर हे प्रथिन रक्तातच राहतं. ती झिजली की पाझरू लागतं, आणि मधुमेहात हे बरेचदा ईजीएफआर घसरण्याआधीच घडतं. लघवीतल्या या दोन्हींचं प्रमाण, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत हवं. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. ताप, जंतुसंसर्ग किंवा दणकून केलेला व्यायाम यांनीही आकडा चढतो, म्हणून एका रिपोर्टवरून घाबरू नये; तपासणी पुन्हा करावी. साध्या लघवी तपासणीत मात्र थोडं अल्ब्युमिन नजरेतून निसटू शकतं.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर माझ्या मते निवडीचा प्रश्नच नाही: वर्षातून एकदा दोन्ही.