वाचनालयाच्या सर्व्हरवर डेबियन, टेबलांवर मिंट

मी अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकं अकरा हजारांच्या वर, देवघेव रोज संध्याकाळी साडेपाच ते आठ. त्या अडीच तासांत कॉम्प्युटर अडला, की काउंटरसमोर रांग लागते आणि मुलं पुस्तक न घेताच घरी जातात. ऑपरेटिंग सिस्टिम चांगली की वाईट, हे मी त्या अडीच तासांवरून ठरवते.

देवघेवीसाठी आम्ही कोहा वापरतो. न्यूझीलंडच्या एका वाचनालयासाठी तयार झालेलं हे मोफत सॉफ्टवेअर २००० सालापासून चालू आहे. त्याची तयार पॅकेजेस डेबियनसाठी मिळतात, म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये ८ जीबी रॅमच्या एका जुन्या मशीनवर सर्व्हर म्हणून डेबियन १२ ही लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. इन्स्टॉल करताना डेस्कटॉपची, म्हणजे खिडक्या-चित्रांच्या पडद्याची, खूण काढून टाकली. एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून सर्व्हर हाताळायची सोय) आणि नेहमीच्या युटिलिटीज, बस्स. त्या मशीनला मॉनिटरही नाही.

डेबियनचा मला पटलेला गुण म्हणजे ते मधेच बदलत नाही. तेव्हा मारियाडीबी (कोहाची माहिती साठवणारा डेटाबेस) १०.११ होतं, आजही १०.११च आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच मालिकेत येत राहतात. तीन वर्षं नियमित आणि पुढे दोन वर्षं एलटीएस (वाढीव मुदतीचा सपोर्ट), म्हणजे जून २०२८ पर्यंत घोर नाही. घरच्या लॅपटॉपवर माझं फेडोरा हे दुसरं लिनक्स आहे आणि ते मला मनापासून आवडतं, पण त्याची एक आवृत्ती जेमतेम तेरा महिने चालते. दरवर्षी सर्व्हर नव्यानं लावत बसायला आमच्याकडे माणूस कुठून आणायचा?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर वादळात वीज गेली. यूपीएसची बॅटरी मेलेली निघाली आणि सर्व्हर चालता चालता बंद पडला. रोजचा बॅकअप आरसिंक या प्रोग्रॅमनं दुसऱ्या मशीनवर जातो, तरी पोटात गोळा आलाच. वीज आल्यावर डेटाबेस आपला आपण सावरला. त्या संध्याकाळी परत आलेली पुस्तकं मी एकेक करून ताडून पाहिली. सगळी जमा झालेली होती.

टेबलांवरच्या तीन मशीन इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरच्या आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. तीन नव्या मशीनच्या पैशांत आमची वर्षाची पुस्तकखरेदी होते. म्हणून लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती टाकली. ४ जीबी रॅमवर ब्राउझर आणि लिब्रे ऑफिस व्यवस्थित चालतात. आमच्या शिपाईकाकांनी पहिल्याच दिवशी त्यावर पुस्तकं दिली-घेतली.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या यादीत एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट ही कळरचना आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही. एक मात्र सांगते, ऑपरेटिंग सिस्टिम कुठलीही घ्या, ही अडचण येईलच. ‘वऱ्हाडी’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक शिफ्ट-जे दाबून येणाऱ्या ऱ नं, दुसरा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण एकानं शोधलं की दुसऱ्यानं लिहिलेलं आमच्याकडे सापडत नव्हतं. आणि वऱ्हाडातल्या वाचनालयात वऱ्हाडी म्हणींचं पुस्तकच सापडू नये, हे मला फार लागलं. आता सगळ्यांनी शिफ्ट-जेच वापरायचा नियम केला आहे. कोहा बसवताना शोधासाठी आयसीयूचा (निरनिराळ्या लिप्यांतला मजकूर हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) पर्यायही निवडून ठेवा, देवनागरीला तो हवाच.

उणिवा आहेत. आमच्या जुन्या प्रिंटरची छपाई मिंटवर लगेच जमली, स्कॅनर काही केल्या चालला नाही. हिशेबनीसांचं पॅकेज फक्त विंडोजवर चालतं, म्हणून त्यांच्यासाठी एक विंडोज ११ ची मशीन ठेवली आहे आणि ती ठेवण्यात मला काही चूक वाटत नाही.

डेबियनची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आहे. ती मी आधी सुट्या मशीनवर कालच्या बॅकअपसह चालवून बघणार, आणि सर्व्हरला हात दिवाळीच्या सुट्टीत, वाचनालय बंद असतानाच लावणार.