गार्मिन ईट्रेक्स २२एक्स: वाट दाखवतं, पण मालकाचा माग देतं का?

ट्रेकसाठी हे हातात मावणारं जीपीएस यंत्र घ्यायला निघालेल्यांना एक शंका असतेच: आपण कुठे आहोत हे यावरून कुणाला कळेल का? चालत असताना तरी नाही. २२एक्स जीपीएस आणि ग्लोनास (रशियाची तशीच यंत्रणा) उपग्रहांचे संकेत फक्त ऐकतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि खाली कोण ऐकतंय याचा त्यांना पत्ता नसतो. घरोघरी रेडिओ कोण लावून बसलंय हे आकाशवाणीला कळत नाही, तसंच. यात सिम नाही, वायफाय नाही, ब्लूटूथही नाही.

गोम आहे ती ट्रॅक लॉगमध्ये, म्हणजे चाललेल्या वाटेच्या नोंदीत. चालू ट्रॅकमध्ये १०,००० बिंदू मावतात आणि प्रत्येकावर तारीख-वेळेचा शिक्का असतो. दर ३० सेकंदांना एक बिंदू ठेवला, तर ८३ तासांची भटकंती आत जमा होते. मिनी यूएसबी केबल लावली की यंत्र पेन ड्राइव्हसारखं उघडतं. 'गार्मिन' फोल्डरमधल्या 'जीपीएक्स' या उपफोल्डरमध्ये सगळं मांडून ठेवलेलं. पाच मिनिटं हाती लागलं तरी कुणीही ते उतरवून घेईल. मात्र गाडीत लपवून कुणावर पाळत ठेवायला हे कुचकामी: दोन एए सेलवर कंपनी सांगते २५ तास, आणि नोंद वाचायला यंत्र परत ताब्यात घ्यावं लागतं. तो उद्योग सिमवाल्या ट्रॅकरचा.

नोंद मीटरभर अचूक असते असंही समजू नका. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या घळीत संकेत कातळावर आपटून येतात आणि ट्रॅक भलत्याच कड्यावरून गेलेला दिसतो.

नोंद नको असेल तर 'सेटअप'मध्ये 'ट्रॅक्स', त्यात 'ट्रॅक लॉग' आणि तिथे 'डू नॉट रेकॉर्ड'. पण अनोळखी वाटेवर हे करू नये. परतीला तोच ट्रॅक वाचवतो. त्यापेक्षा नोंद घराच्या दारातून सुरू न करता पायथ्याच्या गावात सुरू करावी. विकताना नुसता चालू ट्रॅक पुसून भागत नाही. 'आर्काइव्ह'मधल्या जुन्या फायली, 'घर' नावाचा वेपॉइंट (खूण करून ठेवलेलं ठिकाण) आणि मेमरी कार्ड (हे तर बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही) तपासा.

एरवी बिंग फुटतं ते ट्रॅक वेबवर चढवल्यावर. स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपच्या हीटमॅपवर (सगळ्यांच्या वाटा एकत्र दाखवणारा नकाशा) २०१८च्या जानेवारीत लष्करी तळांवरच्या धावण्याच्या वाटा उघड दिसल्या होत्या. त्या वाटा ॲप वापरणाऱ्यांनी स्वतःच चढवलेल्या नोंदींतून आल्या. ट्रॅक इतरांना देताना सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा संगणकावर छाटून टाका.

याच घराण्यातल्या ईट्रेक्स एसईला ब्लूटूथ आहे आणि ते फोनमधल्या ॲपशी बोलतं, म्हणजे हिशोब बदलला. गार्मिनचं इनरीच हे संदेश पाठवणारं यंत्र तर इरिडियम उपग्रहांमार्फत ठिकाण खरोखर पाठवतं. भारतात ते परवान्याशिवाय जवळ बाळगणंही अंगाशी येतं. ईट्रेक्स ३२एक्समध्ये होकायंत्र, हवेच्या दाबावरचा उंचीमापक आणि एएनटी+ (जवळच्या उपकरणांशी बिनतारी जोडणी) मिळतं. पैकी एएनटी+ची पोच काही मीटरच, त्यामुळे त्याची धास्ती नको.

रिचार्जेबल सेल वापरणार असाल तर 'सिस्टम'मध्ये बॅटरीचा प्रकार बदला, नाहीतर सेल किती उरलेत याचा आकडा चुकीचा दिसतो.