‘नेमसेक’, ‘इनहेरिटन्स ऑफ लॉस’ की ‘गोट डेज’?

लेक-जावई न्यू जर्सीला, आई-वडील लातूरला, मधे रोजचा व्हिडिओ कॉल. ‘तिकडच्या आपल्या लोकांवरची एखादी चांगली कादंबरी सांगा’ असं विचारणारे बहुतेक अशाच घरातले असतात. त्यांना मी झुंपा लाहिरींची ‘द नेमसेक’ (२००३) सांगतो. पण ज्याच्या घरातलं माणूस पोट भरायला बाहेर पडलंय, त्याला दुसरं पुस्तक देतो.

‘नेमसेक’ सुरू होते १९६८ साली, अमेरिकेतल्या केंब्रिजच्या एका छोट्या स्वयंपाकघरात. दिवस भरत आलेली आशिमा तिकडचे डब्यातले तांदळाचे कुरमुरे, शेंगदाणे आणि कांदा वाडग्यात कालवते. मीठ, लिंबू, हिरवी मिरची घालते. मोहरीचं तेल तेवढं हवं होतं, असं तिला वाटत राहतं. एवढ्यातच तिचं कोलकाता सुटलेलं कळतं, लेखिकेला उसासे टाकावे लागत नाहीत. पुढे बाळाचं नाव आशिमाच्या आजीने ठेवायचं ठरलेलं असतं, पण आजीचं पत्र पोचतच नाही आणि नाव लिहून दिल्याशिवाय दवाखाना घरी सोडत नाही. आपल्याकडे आत्या बारशाला नाव सांगेपर्यंत लेकरू नुसतं ‘सोन्या’ असलं तरी कुणाचं अडत नाही. इथे त्या घाईतल्या नावाचं ओझं पोरगं जन्मभर वागवतं.

इंग्रजी सोपी आहे, डिक्शनरी फारशी लागत नाही. उत्तरार्धात मात्र पोरगा न्यूयॉर्कला जातो आणि श्रीमंत मैत्रिणीच्या घरच्या जेवणावळी लांबत जातात. तिथे मी पानं भराभर उलटली.

किरण देसाईंची ‘द इनहेरिटन्स ऑफ लॉस’ (२००६, बुकर त्याच वर्षी) या तिघींत वाचायला सगळ्यात अवघड. अर्धी गोष्ट दार्जिलिंगकडच्या कालिम्पाँगला घडते, १९८०च्या दशकातल्या वेगळ्या गोरखालँड राज्याच्या आंदोलनात. अर्धी न्यूयॉर्कच्या हॉटेलांच्या भटारखान्यांत. निवृत्त जजसाहेबांच्या स्वयंपाक्याला वाटतं, आपला मुलगा बिजू अमेरिकेत मोठा माणूस झाला, आणि तो गावभर तेच सांगत फिरतो. बिजूकडे साधे कागदसुद्धा नाहीत. एका भारतीय मालकाच्या हॉटेलात तो पालकावरून घसरतो, गुडघा दुखावतो. मालक डॉक्टरकडे नेत नाही, वर ‘तुला पोरासारखं ठेवलं’ म्हणून उपकार ऐकवतो. ‘आपलाच माणूस’ या शब्दांवरचा भरवसा इतका उडवणारं दुसरं प्रकरण मी वाचलेलं नाही. पण कादंबरी सारखी इकडून तिकडे उड्या मारते, विनोद कडवट आहे. इंग्रजी वाचनाची सवय नसेल तर सुरुवात हिच्यापासून करू नका.

तिसरी बेन्यामिन यांची मल्याळम ‘आडुजीवितम’ (२००८), इंग्रजीत ‘गोट डेज’. केरळात नदीतली वाळू उपसणारा नजीब रियाधच्या विमानतळावर उतरतो. भलताच माणूस त्याला गाडीत घालून वाळवंटात शेळ्या राखायला नेऊन सोडतो. धुवायलासुद्धा पाणी नाही, खायला सुका खुबूस, म्हणजे अरबी रोटी, आणि समोर अरबाब, म्हणजे मालक. धारूर-वडवणीकडून उचल घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या ऊसतोड जोडप्याला हा अरबाब अनोळखी वाटणार नाही. पण तिथे टोळी असते, भांडायला का होईना बायको सोबत असते आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की गाव दिसतं. नजीबला बोलायला शेळ्या आहेत, आणि पट्टा कधी पडणार ते सांगणारं कुणी नाही. प्रकरणं छोटी, भाषा सरळ. कॉलेजच्या पोरांना मी हीच आधी देतो.

रोहिंटन मिस्त्रींची ‘अ फाइन बॅलन्स’ (१९९५) मागणारेही भेटतात. ती परदेशाची गोष्ट नाही. आणीबाणीतल्या शहरात येऊन पडलेल्या, पिढीजात चांभारकाम सोडून शिंपी झालेल्या काका-पुतण्याची आहे. जोरदार आहे, पण जाडजूड. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी ठेवा.

इंग्रजी अगदीच जड जात असेल, तर ‘नेमसेक’चा मीरा नायर यांचा चित्रपट आधी पाहायला हरकत नाही. तब्बू आणि इरफान खान यांनी आई-बाप असे उभे केलेत की पुस्तकात तेच चेहरे दिसतात. ‘गोट डेज’वरही २०२४ला चित्रपट आला, तो मात्र नंतर बघा. पडद्यावर वाळवंट देखणं दिसतं. पुस्तकातल्या नजीबला त्यात देखणं असं काही सापडत नाही.