नास्तिक, अज्ञेयवादी, विवेकवादी की निधर्मी: देव न मानणाऱ्याने स्वतःला काय म्हणवून घ्यावं?

मराठवाड्यात हा प्रश्न पुस्तकात कमी आणि दारात जास्त पडतो. हरिनाम सप्त्याची पट्टी मागायला माणसं येतात, किंवा सोयरीक जुळवताना मुलीचे मामा विचारतात, "देवाधर्माचं करता ना?" तिथं एका शब्दात सांगावं लागतं. म्हणून शब्द निवडताना आधी बघा, समोरचा नेमकं काय विचारतोय: देवाबद्दल, धर्माबद्दल, की तुमच्या वागण्याबद्दल?

देवाबद्दल विचारत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नास्तिक म्हणा. कोणताही देव नाही असं मानणाऱ्याला याहून सरळ शब्द मराठीत नाही. अडचण एवढीच की गावात नास्तिक म्हणजे आईबापाला न जुमानणारा, चालीनं वाईट, असा अर्थ चिकटलेला आहे. एखादे कीर्तनकार जुना शास्त्रीय अर्थही पुढे करतील. त्या अर्थाने वेद नाकारणारा तो नास्तिक. म्हणून जगाचा कर्ता ईश्वर न मानणारं सांख्य आस्तिकांत बसतं आणि बौद्ध, जैन, चार्वाक नास्तिकांत. पण आज कुणी त्या अर्थानं विचारत नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर उघड नास्तिक होते, तरी धर्मग्रंथांवरची त्यांची व्याख्यानं श्रद्धाळू माणसंही मन लावून ऐकत. शब्दामुळे माणसं तुटतातच असं नाही. निरीश्वरवादी हा त्याचाच ग्रंथातला भाऊ, लेखात शोभतो.

अज्ञेयवादी वेगळा. टी. एच. हक्सली यांनी १८६९ मध्ये इंग्रजीत यासाठी शब्द घडवला. त्यांचा मुद्दा ज्ञानाचा होता: ज्याचा पुरावा देता येत नाही, ते ठाऊक असल्याचा दावा करू नये. आपल्याकडे आगरकरांनाही अनेक अभ्यासक अज्ञेयवादी म्हणतात. तुमची भूमिका खरोखर अशी असेल तर हा शब्द अभिमानाने घ्या. नास्तिक म्हणायला जड जातं म्हणून मात्र घेऊ नका, कारण ऐकणारा 'म्हणजे थोडं मानता' असा अर्थ काढतो आणि पुढच्या पूजेला पाटावर तुम्हालाच बसवतो.

विवेकवादी किंवा बुद्धिप्रामाण्यवादी हे विचार करण्याच्या रीतीचं नाव आहे. बुवाबाजीविरुद्ध काम करायचं असेल तर हाच शब्द उपयोगी, कारण त्यात विठ्ठलभक्तही सोबत येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये उभी केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माबाबत तटस्थ राहिली ती यासाठीच. त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्येच आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने वारी-कीर्तनाला हात लावलेला नाही. तेव्हा 'अंनिसवाला' म्हणजे नास्तिक, हे समीकरण चूक आहे.

दोन शब्द उसने घेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. सत्यशोधक हा पहिला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये समाज स्थापला तो एका निर्मिकाला, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्याला, मानून. दुसरा बौद्ध. १९५६ च्या धर्मांतरानंतर मराठवाड्यातल्या असंख्य घरांनी बावीस प्रतिज्ञांसह देव नाकारले, पण त्यांनी एक धम्म स्वीकारला, पंचशील स्वीकारलं. नुसता देव नको म्हणून ते नाव लावणं त्या निर्णयाला न्याय देत नाही.

निधर्मी हा कागदावरचा शब्द. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की धर्म जाहीर करायची सक्ती सरकार करू शकत नाही आणि 'कोणताही धर्म नाही' असं नोंदवता येतं. ते याचिकाकर्ते येशूला मानणारे होते! म्हणजे निधर्मी म्हटल्याने देवाबद्दल काहीच कळत नाही. शिवाय कागद बदलताना जपून. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मांशी बांधलेला आहे, त्यामुळे आरक्षण लागू असलेल्या घरातल्या मुलाने रकाना बदलण्याआधी वकिलाला विचारावंच. बाकी बऱ्याच गोष्टी रकान्याला हात न लावता होतात. कोर्टात ईश्वरसाक्ष शपथेऐवजी दृढकथन करता येतं, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तीस दिवसांची नोटीस देऊन कोणत्याही विधीशिवाय लग्न लागतं.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, मात्र शेतात जरूर जा. कडब्याच्या कोपीत (खोपटात) पूजेला मांडलेल्या पांडवांपुढे हात जोडले नाहीत तरी भज्जी-आंबिलाच्या पंगतीत कुणी अडवत नाही. तिथं कोणताच शब्द लागत नाही.

सोयरिकीत लागतो, आणि तो साखरपुड्याच्या आधी सांगावा. देवक बसवणार का, गोंधळ घालणार का, घरच्यांनी घातला तर तुम्ही तिथं थांबणार का, हे पहिल्याच बैठकीत मुलीशी आणि तिच्या मामांशी बोलून घ्या.