लिनक्सचं क्रिप्टसेटअप: एन्क्रिप्टेड डिस्क हळू वाचते, त्याचं खरं कारण

नागपुरात रामदासपेठेतला दवाखाना असो की धरमपेठेतलं सीएचं ऑफिस, डिस्क एन्क्रिप्ट करायचं कारण साधंच असतं. लॅपटॉप चोरीला जातो, नाहीतर बिघडलेली एसएसडी वॉरंटीत परत द्यावी लागते आणि बंद पडलेल्या डिस्कवरचा डेटा पुसता येत नाही. लिनक्सवर यासाठी क्रिप्टसेटअप हे साधन आणि त्याचा लक्स-२ हा एन्क्रिप्टेड डिस्कचा फॉरमॅट आहे. फुकट आहे, विश्वासाचा आहे. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो वेगाच्या सेटिंग्ज मॅन पेजच्या (कमांडच्या माहितीपानाच्या) तळाशी दडवल्याबद्दल.

"एन्क्रिप्शन केलं आणि मशीन बसलं" म्हणून ते काढून टाकण्याआधी क्रिप्टसेटअपची बेंचमार्क कमांड चालवा. ही चाचणी फक्त रॅममध्ये होते, डिस्कला हात लागत नाही. त्यात एईएस-एक्सटीएस (डिस्कसाठी नेहमी वापरली जाणारी एन्क्रिप्शनची पद्धत), ५१२ बिट ही ओळ बघा. एक्सटीएसला दोन किल्ल्या लागतात, म्हणून ५१२ म्हणजे प्रत्यक्षात एईएस-२५६. डिक्रिप्शनचा आकडा डिस्कच्या वेगापेक्षा बराच वर असेल, तर सायफर, म्हणजे एन्क्रिप्शनची पद्धत, निर्दोष आहे. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या आसपास थांबते आणि एईएसच्या खास सूचना असलेला प्रोसेसर तेवढं सहज पेलतो. सूचनाच नसतील तर आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार? रास्पबेरी पाय ४ चं तेच आहे. तिथे एईएसचा हट्ट सोडून अॅडियंटम हा अशा प्रोसेसरसाठीचा सायफर वापरा.

सायफर निर्दोष निघाला की लक्सडंप काढा, म्हणजे व्हॉल्यूमची (एन्क्रिप्ट केलेल्या भागाची) माहिती दाखवणारी कमांड चालवा. डेटा सेगमेंटखाली 'सेक्टर: ५१२ बाइट्स' दिसलं, तर गोम बहुतेक तिथेच आहे. प्रत्येक सेक्टर, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, स्वतंत्रपणे उलगडावा लागतो. १ एमबी वाचायचं तर ५१२ च्या हिशेबाने २०४८ तुकडे होतात, ४०९६ च्या हिशेबाने २५६. क्रिप्टसेटअप २.४ पासून नवा व्हॉल्यूम बनवताना ४०९६ आपोआप निवडलं जातं, पण डिस्कने स्वतःचा फिजिकल सेक्टर तेवढा सांगितला तरच. बऱ्याच एनव्हीएमई डिस्क (साटापेक्षा वेगवान एसएसडी) ५१२ च सांगतात, म्हणून फॉरमॅट करतानाच आकडा हाताने द्या. जुन्या व्हॉल्यूमवर रीएन्क्रिप्ट करून बदल होतो, पण आधी डेटाचा पूर्ण बॅकअप, हेडरचा (किल्ल्या आणि सेटिंग्ज असलेल्या सुरुवातीच्या भागाचा) वेगळा बॅकअप, आणि काम व्हॉल्यूम बंद ठेवून. आतली फाइल सिस्टिमही तपासा. एक्सएफएस ५१२ च्या सेक्टरवर बनलेली असेल, किंवा ईएक्सटी४ चा ब्लॉक १०२४ चा असेल, तर नंतर ती माउंटच होणार नाही.

एनव्हीएमईवर खरा फरक पाडते ती तिसरी गोष्ट. डिस्कवरून आलेला डेटा डीएम-क्रिप्ट (कर्नलमधला एन्क्रिप्शन करणारा भाग) लगेच उलगडत नाही. तो केक्रिप्टडी नावाच्या रांगेत टाकतो आणि तिथला कामगार थ्रेड उचलेपर्यंत डेटा ताटकळतो. फिरत्या हार्ड डिस्कला मिलिसेकंद लागायचे तेव्हा ही रांग जाणवायची नाही. एनव्हीएमईचं उत्तर काही डझन मायक्रोसेकंदांत येतं, तिथे रांगच जड होते. क्लाउडफ्लेअरच्या इंजिनिअरांनी हे दाखवून दिलं आणि २०२० च्या ५.९ कर्नलमध्ये रांग टाळायचा पर्याय आला: नो-रीड-वर्कक्यू, आणि लिहिण्यासाठी नो-राइट-वर्कक्यू. चालू व्हॉल्यूमवर रिफ्रेश कमांडने तो लावता येतो, पर्सिस्टंट जोडलं की हेडरमध्ये कायम राहतो. मात्र पर्सिस्टंट जुने फ्लॅग पुसून नवे लिहितं. आधी अलाउ-डिसकार्ड्स असेल तर तेही त्याच कमांडमध्ये पुन्हा द्या, नाहीतर ट्रिम (रिकामी झालेली जागा एसएसडीला कळवणं) गुपचूप बंद पडतं.

हा पर्याय सरसकट लावू नका. छोट्या, विखुरलेल्या वाचनाला (डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन) फायदा होतो. एकच प्रोग्राम मोठी फाइल सलग वाचत असेल, तर अनेक कोरमध्ये वाटलं जाणारं काम एका कोरवर येऊन वेग उलट पडू शकतो. हार्ड डिस्कवर तर उपयोगच नाही. तिथे मॅपरवरच्या (उघडलेल्या एन्क्रिप्टेड) डिव्हाइसचा रीड-अहेड, म्हणजे पुढचं आगाऊ वाचून ठेवण्याचं प्रमाण, २५६ वरून ४०९६ करा, म्हणजे १२८ केबीचा २ एमबी होतो, आणि स्कॅनच्या मोठ्या फाइल सलग वाचायला बरं पडतं.

प्रत्येक बदलानंतर एफआयओ या वेग मोजणाऱ्या साधनाने मोजा: डायरेक्ट चालू (रॅममधला कॅश टाळून), रीड-ओन्ली, एकदा ४ केबी रँडम क्यू डेप्थ १ वर (एका वेळी एकच विनंती), एकदा १ एमबी सलग. कोऱ्या किंवा नुकत्याच ट्रिम झालेल्या एसएसडीवर मोजू नका. न लिहिलेल्या जागेसाठी कंट्रोलर फ्लॅश उघडतच नाही, म्हणून आकडे खोटे चांगले येतात. आधी तेवढी जागा भरून घ्या.

आणि नागपूरचा मे. पारा ४५ च्या पुढे असताना कूलरच्या खोलीतही बंद कॅबिनेटमधली एनव्हीएमई तापून स्वतःहून वेग कमी करते. त्यामुळे स्मार्ट-लॉगमधलं (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदीतलं) तापमान आकड्याशेजारी लिहून ठेवा, आणि मॅपरसोबत खालच्या मूळ डिस्कचीही तीच चाचणी लगोलग घ्या. दोन्हीकडे आकडा सारखाच घसरला असेल तर क्रिप्टसेटअपच्या सेटिंग्जना हात लावू नका, डिस्कवर हीटसिंक बसवा.