ओमानी सांगून येमेनचा खंजीर गळ्यात मारला, मस्कतहून घेणाऱ्यांनी वाचा

मस्कतला आलेले आपले बरेच लोक घरी न्यायला खंजीर घेतात म्हणून मुद्दाम लिहितोय. ओमानच्या झेंड्यावर तोच आहे, २०२२ला युनेस्कोच्या यादीत पण गेला, त्यामुळे भाव चढेच असतात. मला एका दुकानदाराने "जुनं निझवाचं काम, शुद्ध चांदी, मूठ गेंड्याच्या शिंगाची" असं शपथेवर सांगून पैसे घेतले. नंतर ओमानमधल्या त्याच निझवा शहरात चांदीकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांना दाखवला तर त्यांनी हातात घेताक्षणी सांगितलं की मूठ येमेनच्या जंबियाची, म्हणजे तिकडच्या वाकड्या खंजिराची आहे.

येमेनी मुठीवर सहसा नाण्यासारख्या दोन गोल चकत्या असतात, माझ्यावरच्या काढून भोकं लाखेनं बुजवली होती आणि वर पॉलिश मारलेलं. मूठ शिंगाची नव्हतीच, रेझिन निघालं. म्यान तर नवंकोरं, साच्यात दाबलेला पांढरा पत्रा.

खरी ओळख म्यानातच आहे, पातं बघून काही कळत नाही कारण सगळीच पाती थोडीफार वाकडी असतात. ओमानचं म्यान जवळजवळ काटकोनात वळतं, त्यावर चांदीच्या तारेचं बारीक विणकाम असतं आणि पट्टा अडकवायला कड्या, सैदी प्रकारात तर सात. येमेनचं टोक पार वर वळून हुकासारखं होतं आणि पट्टा रुंद, जरीकाम केलेला. मोरोक्कोची कुम्मिया म्हणजे मुठीचा शेंडा मोराच्या पिसाऱ्यासारखा पसरट, आणि म्यानाला दोरी बांधायला दोन कान. आपल्याकडे हैदराबाद-मराठवाड्यात पण जंबिये सापडतात, निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौत भागातून आलेल्या अरबांमुळे, म्हणजे आपल्या चाऊस लोकांचे पूर्वज, त्यामुळे भारतात कोणी "ओमानी" म्हणून विकत असेल तर आधी हे तपासा.

दुकानदार पैसे द्यायला तयार नाही, म्हणतो बिलावर फक्त "खंजीर" लिहिलंय, आणि तेच त्याने मुद्दाम केलं होतं. म्हणून बिलावर मूठ, पातं, म्यान तिन्ही कुठलं ते वेगवेगळं आणि चांदीचं वजन लिहून घ्या, नाही म्हणाला तर सरळ उठा. आणि मूठ खरंच गेंड्याच्या शिंगाची निघाली तर हातच लावू नका, त्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे, एअरपोर्टवर कस्टमवाले धरतील.